वाक्य कुठंय?

न्यायाधीशांच्या प्रशिक्षण संस्थेत मालमत्तेच्या वादांवर व्याख्यान असलं की मागच्या दोन रांगा निवांत डुलक्या काढतात. वेळापत्रकात 'अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि मानवी हक्क' असं दिसलं की नव्या तुकडीला वाटतं, ही तर त्याहून मोठी विश्रांती. उतारे ऐकायचे, मान डोलवायची, चहा प्यायचा. मग बाई येतात. निवृत्त सत्र न्यायाधीश, बारीक अंगाच्या, आवाज इतका हळू की माइक असूनही लोक पुढे वाकून ऐकतात. प्रत्येकाच्या हातात एक पातळ फाइल देतात आणि सांगतात, "अर्धा तास. कोठडी की जामीन, आदेश लिहा."

फाइल बस आगारातल्या एका मेकॅनिकची. बाईंनीच तयार केलेली. त्यानं नव्या पुलाबद्दल मोबाइलवर काहीतरी लिहिलं, ते गावभर फिरलं, नगराध्यक्षांच्या माणसांनी तक्रार केली. तक्रारीत म्हटलंय, 'अत्यंत आक्षेपार्ह व जिवाला धोका निर्माण करणारा मजकूर'. पोलिसांच्या अर्जात तेच शब्द. समोर बसलेले तरुण न्यायाधीश आदेश लिहितात, त्यातही तेच शब्द उतरतात आणि मेकॅनिक आत जातो.

मग बाई विचारतात, "वाक्य कुठंय?"

पानं उलटली जातात. तक्रार आहे, जबाब आहेत, मोबाइल जप्त केल्याची नोंद आहे. मेकॅनिकनं लिहिलेलं वाक्य मात्र कुठेच नाही. ते न वाचताच सगळ्यांनी त्याला कोठडीत घातलेलं असतं.

यावरून त्यांना पाठीमागे वाक्यबाई म्हणतात. बाईंना ते माहीत आहे. "बरंय," त्या म्हणतात, "निदान काय विचारते ते तरी लक्षात राहतं."

ही सवय घरातली. त्यांचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि मूळ प्रत समोर असल्याशिवाय पेन उचलायचे नाहीत. मुलीनं शाळेतल्या भांडणाची तक्रार आणली तरी म्हणायचे, "ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांग. तुझ्या शब्दांत नको." पुढे बाई सत्र न्यायालयात बसल्या आणि एका पाट्या रंगवणाऱ्या माणसाचा अर्ज त्यांच्यासमोर आला. भिंतीवर काहीतरी लिहिल्याबद्दल तो अख्खा हिवाळा आत होता. काय लिहिलं, ते खालच्या कोर्टाच्या एकाही कागदात सापडेना. बाईंनी सरकारी वकिलांना विचारलं, तेव्हा ते उठून गंभीरपणे म्हणाले, "मजकूर आक्षेपार्ह असल्यामुळे फाइलमध्ये पुन्हा लिहिलेला नाही." कोर्टात कोणी हसलं नाही. वकिलांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं, आणि कोठडी वाढवत गेलेल्या तीन न्यायाधीशांनाही नव्हतं. बाईंनी त्याला सोडलं, आणि निवृत्तीनंतर हाच विषय शिकवायला मागून घेतला.

पण युक्ती फार दिवस टिकत नाही. एक तुकडी दुसरीला सांगते. गेल्या वर्षीपासून असं व्हायला लागलं की फाइल उघडायच्या आधीच कोणीतरी हात वर करतं, "मॅडम, वाक्य द्या ना." बाई वाक्य देतात: 'पुलाचं उद्घाटन करणाऱ्यांनी आधी भरलेला ट्रक त्याच्यावरून न्यावा आणि स्वतः पुलाखाली उभं राहावं. टाळ्या आम्ही वाजवू.' वर्ग हसतो. मग बाईंनी शिकवलेले तीन प्रश्न सोडवायला घेतो. बोलण्यावर असा निर्बंध घालणारा स्पष्ट कायदा आहे का? निर्बंध कोणत्या रास्त हेतूसाठी आहे? त्या हेतूसाठी एवढं कडक पाऊल उचलायची गरज होती का? तिन्हींची उत्तरं सुरेख येतात. आणि खाली लिहिलेलं असतं: कोठडी.

"उत्तरंही पाठ, निकालही पाठ," बाई घरी चिडून म्हणाल्या.

त्यांचे यजमान पाणीपुरवठ्यात मीटरदुरुस्तीला होते. "अगं, मीटर चांगला चालतो आणि बिल मात्र अंदाजानं येतं, तसलाच प्रकार हा," ते म्हणाले. "मधे बसलेला माणूस बघ."

त्याच सुमारास संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. संस्थेचं वेळापत्रक भरलं होतं, संगणकाच्या प्रशिक्षणाला दिवस हवे होते. बाईंचं दोन दिवसांचं सत्र ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला समितीतले एक ज्येष्ठ न्यायमूर्ती पुढच्या वर्गात येऊन बसणार होते.

"या वेळी ते सवालजवाब नकोत मॅडम," संचालक काकुळतीनं म्हणाले. "सरळ व्याख्यान द्या. स्लाइड मी करून घेतो. त्यांना पटलं की सत्र वाचलं."

"आणि वर्गाला नाही पटलं तर?"

"वर्ग काय, वर्ग येतो नि जातो."

"म्हणूनच म्हणते," बाई म्हणाल्या. स्लाइड त्यांनी केल्या नाहीत.

वर्ग संस्थेतल्या सरावाच्या कोर्टात भरला. खरं उंच व्यासपीठ, खरा आरोपीचा पिंजरा, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. ज्येष्ठ न्यायमूर्तींसाठी मागे हातांची खुर्ची आणून तिच्यावर स्वच्छ टॉवेल टाकला होता. व्यासपीठावर बाईंनी डोंगराकडच्या तालुक्यातून आलेल्या, जाड चष्म्याच्या न्यायाधीशाला बसवलं. त्यानं कोठडीचा आदेश वाचून दाखवला.

"तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही लिहिलंय, 'कोठडीची गरज दिसत नाही'," बाई म्हणाल्या. "आणि खाली कोठडी. मधे काय झालं?"

"सार्वजनिक शांततेचा साकल्याने विचार करता..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मधे काय झालं?"

कोणीतरी खुदकन हसलं. चष्मेवाला हसला नाही. त्यानं एकदा मागच्या खुर्चीकडे पाहिलं.

"बाहेर लोक उभे असतात, मॅडम. माझ्या कोर्टाच्या खिडकीला काचसुद्धा नाहीये, घोषणा थेट टेबलावर येतात. माझ्या आधीच्यानं अशाच एकाला सोडलं, त्याची लगेच बदली झाली. आत टाकलं तर मला कोणी काही विचारत नाही. वरचं कोर्ट सोडतंच की नंतर."

मागच्या खुर्चीतलं पेन थांबलं. संचालकांनी डोळे मिटून घेतले.

"मग हे आदेशात घाला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर लोक ओरडताहेत आणि मला बदली नको आहे, सबब आरोपीस कोठडी. खरं कारण आहे ना? आदेश खुल्या कोर्टात सांगतात. सांगा, आम्ही ऐकतोय."

तो उभा राहिला. "बाहेर लोक..." म्हणाला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला.

"नाही सांगता येत."

"का? आत्ता तर सांगितलंत."

"ते तुम्हाला सांगितलं. आदेशात... हे कारण होत नाही, मॅडम."

"ते वजा करा. उरलं काय?"

त्यानं बाईंनी दिलेला कागद काढला आणि मेकॅनिकचं वाक्य मोठ्यानं वाचलं. 'टाळ्या आम्ही वाजवू'ला वर्ग पुन्हा हसला. त्यानं कागद खाली ठेवला. "हेच उरलं. जामीन." मग जरा चिडूनच म्हणाला, "पण लोक बाहेर आहेतच ना, मॅडम!"

"आहेत. गर्दी आवरणं पोलिसांचं काम, तसा त्यांना हुकूम द्या. मेकॅनिकला आत घालून गर्दी आवरायची नसते. आणि भीती वाटणारच. जी आदेशात लिहिता येत नाही, तिच्यावरून आदेश द्यायचा नाही, एवढंच." मग वर्गाकडे वळून, "पुढे कोण येतंय? खरं कारण घेऊन या."

पुढे बरेच जण आले. एकानं सांगितलं, नगराध्यक्ष बायकोचे मामा लागतात. एक महिला न्यायाधीश म्हणाल्या, दुपार टळून जाते, कोठडीच्या आदेशाचा नमुना तयार असतो, जामिनाची कारणं नव्यानं लिहावी लागतात.

चहाच्या वेळी ज्येष्ठ न्यायमूर्ती बाईंजवळ आले. कपातला चमचा फिरवत त्यांनी विचारलं, "तो चष्मेवाला कुठल्या तालुक्याचा?"

"वर्गात बोललेलं वर्गात राहील, असं मी त्यांना सांगितलंय," बाई म्हणाल्या. "नाव लिहायचंच असेल तर माझं लिहा. मी बोलायला लावलं."

"न्यायाधीशांनी असं चारचौघांत बोलणं संस्थेला शोभत नाही."

"एकट्यानं ते कोणी बोलतच नाही, सर. म्हणून तर चारचौघांना जमवलं."

न्यायमूर्तींनी कप खाली ठेवला. नाव पुन्हा विचारलं नाही.

निर्णय आला तो असा: विषय महत्त्वाचा असल्यानं सत्र ठेवावं, मात्र एका तासाच्या व्याख्यानाच्या स्वरूपात, मोठ्या सभागृहात. सरावाचं कोर्ट वापरू नये.

"एक तास?" यजमान म्हणाले. "आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायला तुला एक तास लागतो."

"मीठ कमीच असतं."

"सोडून दे की मग. तुला कमी काय आहे?"

बाईंनी टिपणांची वही काढली. कायद्याचा जेवढा भाग त्या तोंडानं सांगत, तेवढा त्यांनी छापून आदल्या दिवशीच वाटायची व्यवस्था केली. उरला तास मोकळा झाला.

नव्या तुकडीच्या दिवशी सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर पातळ फाइल होती. संचालक दारातून लगबगीनं पुढे आले. "मॅडम, व्याख्यान ठरलं होतं!"

"व्याख्यानच आहे. सुरुवात प्रश्नानं करतेय."

तिसऱ्या रांगेतल्या एकानं फाइल न उघडताच हात वर केला आणि शेजाऱ्याकडे बघून हसत म्हणाला, "मॅडम, वाक्य द्या."

बाईंनी वाक्य असलेला कागद त्याच्यापर्यंत नेऊन दिला.

"उभेच राहा," त्या म्हणाल्या. "वाचा, निकाल सांगा. आणि मग खरं कारण."