कस्टममध्ये न अडकलेलं पार्सल

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळाचा सदाबहार सूत्रसंचालक आज स्वखुशीनं एक गुन्हा कबूल करत आहे. हसू नका. म्हणजे — हसा, मध्ये मध्ये हसू येईलच. पण हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

गोष्ट २००६च्या श्रावणातली. माझा मित्र विनायक — गाडीच्या अपघातानंतर त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, आणि दुखणं गेलं तरी दुखण्यावरच्या गोळ्या काही सुटेनात. दोन वर्षं. त्याच्या बायकोला, माधुरीला वाटायचं, पाठ अजून दुखते. खरं फक्त मला ठाऊक होतं.

मग त्याला इंटरनेटवर क्रेटम सापडलं. इंडोनेशियातल्या एका झाडाच्या पानांची हिरवी पूड. गरम पाण्यातून घेतली की गोळ्यांची ओढ कमी होते म्हणे. डॉक्टर म्हणाले, पुरावा नाही, मी घ्यायला सांगणार नाही. आणि कायदा? बंदी नव्हती, मान्यताही नव्हती. आम्ही गाडीत बसून यावर भांडायचो.

"उद्या बॅन केलं तर?"

"करतील तेव्हा करतील यार. आज अठरावा दिवस आहे. एक गोळी नाही घेतलेली."

माधुरीला कळू नये म्हणून पार्सल माझ्या पत्त्यावर यायचं. त्यात माझं ग्रीन कार्ड रखडलेलं... टपालाची गाडी दिसली तरी मला घाम फुटायचा.

दुसरं पार्सल सुलभानं, माझ्या बायकोनं फोडलं. "अहो, हे काय?" खरं सांगायला असा किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "मेंदी. राजस्थानची. खास तुझ्यासाठी!"

मंडळाची मंगळागौर चार दिवसांवर आली होती. तिनं अख्खी पूड चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत भिजवली, माधुरीला बोलावलं आणि दोघींनी डोक्याला थापली. "वास वेगळाच येतोय हो."

"ऑरगॅनिक आहे," मी.

इथपर्यंत गंमतच आहे, नाही? इथेच थांबता आलं असतं तर —

संध्याकाळी विनायकचा फोन. जुन्या पुडीतली चमचाभरच उरली होती. नवं पार्सल आलं का, विचारत होता. खरं सांगावं तर माधुरीला कळणार, सुलभाला कळणार, मी खोटारडा ठरणार. मी म्हणालो, "कस्टमनं अडवलं रे. बहुतेक बॅन आला."

तो म्हणाला, "मग परत मागवायला नको. तुझं ग्रीन कार्ड अडकायचं."

माझं ग्रीन कार्ड!

त्यानं खरंच पुन्हा मागवलं नाही. मला एक फोन करता आला असता. दुसऱ्या दिवशी, महिन्यानं, कधीही. केला का? नाही. त्या पुडीनं तो सुटलाच असता असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. पण बंद न झालेलं दार बंद झालंय असं त्याला मी सांगितलं.

मंगळागौरीला मी माइक घेऊन उभा होतो. हॉल खदखदा हसत होता. शेवटच्या रांगेत विनायक — डोळे अर्धे मिटलेले, मान छातीवर. गोळी. मी ओळखलं. आणि पुढचा विनोद सांगितला.

टाळ्या थांबायच्या आत पहिल्या रांगेतून माधुरी सगळ्यांदेखत ओरडली, "भावजी, तुमच्या त्या मेंदीनं रंगच धरला नाही हो!"