जिल्ह्याला

आमच्याकडे एखादा माणूस घरी नसला, तर उत्तर ठरलेलं असतं. शेतात गेलाय, तालुक्याला गेलाय, नाहीतर जिल्ह्याला गेलाय. त्या गावांची नावं कुणी घेत नाही. जिल्हा म्हणजे कुठलं गाव हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे असं सगळे धरून चालतात. या एका शब्दावर मी अजून चिडतो. बायको म्हणते, शब्दावर कसलं चिडायचं या वयात? मग मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतो, आणि ती भाजी निवडत ऐकल्यासारखं करते.

आमचं गाव तुळजापूरहून लातूरला जाणाऱ्या सडकेला लागून, औशाच्या थोडं अलीकडे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. शेत नव्हतं, मिळेल ते काम करायचे. बहात्तरच्या दुष्काळात सरकारनं त्याच सडकेचं काम काढलं, तेव्हा अण्णा आणि आई दोघंही तिथं खडी फोडायला होते. घरी मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी. ती चावून चावून दमायचो, पण घशाखाली उतरायची नाही. ते धान्य घेऊन येणाऱ्या ट्रकवर मी क्लीनर म्हणून चढलो, आणि त्यानंतर गावात राहायला असा कधी उतरलोच नाही.

पुढे नांदेडला एका सरदारजींच्या ट्रान्सपोर्टमध्ये गाडी हातात आली. अर्धापूरची केळी भरायची आणि पिवळी पडायच्या आत दिल्ली गाठायची. झोप नाही, जेवणाची वेळ नाही. मधे एखाद्या दिवशी घरी यायचो तेव्हा आई सांगायची, की अण्णा रोज विचारतात, आज कुठवर गेला असंल? तिला कुठलं ठाऊक? ती आपली ऐकलेली गावं सांगायची, इंदूर, ग्वाल्हेर, आणि अण्णा मान हलवायचे.

सरदारजींचे एक पाहुणे आखातात दम्मामला होते. तिकडे ट्रेलर चालवायला माणसं हवी होती. मी हो म्हणून टाकलं. पासपोर्ट झाला, मुंबईच्या एजंटनं व्हिसा हातात ठेवला, आणि मग मी अण्णांना विचारायला गावी गेलो. सगळं उरकून विचारायला गेलेल्या माणसाला काय सांगायचं, हे आता बाप झाल्यावर मला कळतं. ते विहाराच्या ओट्यावर बसले होते.

"अण्णा, जाऊ का?"

ते सडकेकडे बघत म्हणाले, "आता निघालाच हाईस तर जा. आल्यावर सांगतो."

"काय ते आत्ताच सांगा की."

"आत्ता न्हाई. आत्ता तुझं ध्यान हिकडं न्हाई. आल्यावर सांगतो."

दम्मामहून रियाध, रियाधहून पार जिद्दा. ट्रेलरवर कधी सिमेंट, कधी सळया. स्टिअरिंग डाव्या हाताला, गाडी उजव्या बाजूनं. सुरुवातीला प्रत्येक चौकात हात चुकीच्या बाजूला वळायचे. मग तीही सवय झाली आणि काही वाटेनासं झालं. वाळू, सडक, वाळू. झाड दिसलं तर ते मोजावंसं वाटायचं. दुपारी ट्रेलरच्या सावलीत चटई टाकून पडायचो, तर टायरांची धग अंगाला लागायची. शीण असा की झोपून उठलं तरी जायचा नाही. केबिनमध्ये मी अण्णांशी बोलायचो. काय सांगणार असतील? एखाद्या खेपेला वाटायचं, शाबास म्हणतील. एखाद्या खेपेला वाटायचं, पुरे झालं, आता जाऊ नको म्हणतील. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. कुणीतरी 'नको' म्हणावं. माझं मला ते म्हणता येत नव्हतं.

सोबतीला हैदराबादचे एक वयस्क ड्रायव्हर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी गाव विचारलं. औसा सांगितलं, कळेना. लातूर सांगितलं, कळेना. जिल्हा उस्मानाबाद म्हटल्यावर मात्र चाचा उठून बसले. "अरे, ये तो अपने हुजूर के नाम का शहर हुआ. आप तो अपनेच आदमी हैं." निजामाचं नाव अशा कामी येईल असं आमच्या गावात कुणाला वाटलं नसतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा 'उस्मानाबादवाला'. माझ्या हाकेचं नावच ते झालं.

मधे धाकट्या भावाचं पत्र आलं, की आपला जिल्हा आता लातूर झाला, गावात पेढे वाटले, अण्णांनी दोन खाल्ले. वाचून बरं वाटलं. लातूर आमच्या पायाखालचं, बाजाराचं गाव. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, होऊ दे, आप तो उस्मानाबादवालेच रहेंगे. आणि मीही घरच्या पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद असंच लिहीत राहिलो. पत्रं बिनबोभाट पोचायची.

करार संपत आला. पुन्हा सही करणार का, म्हणून मालक मागे लागला. मी म्हटलं, वडिलांना विचारून सांगतो. बाकीचे ड्रायव्हर हसले. मिशा पिकायला लागलेला माणूस बापाला विचारणार! हसू देत म्हटलं, आणि सुट्टी घेऊन निघालो.

मुंबईला विमानतळावर आमच्या वस्तीतले एक काका घ्यायला आले होते. ते गोदीत कामाला, गाव सोडून त्यांना जमाना झाला होता. माझ्या हातातली बॅग घेत ते म्हणाले, "घाबरू नको. अण्णाला झटका आलाय. सकाळीच गावाकडून माणूस आला, त्यानं सांगितलं. जिल्ह्याला नेलंय. पण शुद्धीवर हाय, बोलायलाय. तुझीच वाट बघायलाय."

मी त्यांच्या खोलीवर चहासुद्धा घेतला नाही. मिळेल ती एसटी पकडत सोलापूर गाठलं, तिथून सकाळी तुळजापूर. तुळजापूरच्या स्टँडवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचा कंडक्टर औसा, लातूर असं ओरडत होता. मी त्या गाडीच्या पुढून गेलो आणि दुसरीत चढलो. उस्मानाबादच्या. दोन गाड्यांतली एक आपण निवडतोय असंसुद्धा मनात आलं नाही. जिल्ह्याला जायचं होतं, जिल्ह्याच्या गाडीत बसलो.

उस्मानाबादच्या दवाखान्यात मी एकेक खाट बघत फिरलो. परक्या माणसांच्या तोंडावरची पांघरुणं बाजूला करून बघितली. शेवटी दाराशी बसलेल्या वॉर्डबॉयनं गाव विचारलं.

"औशाकडचं? मग हिकडं कशाला आलाव? तुमचा जिल्हा लातूर न्हाई का आता?"

मी त्याला हो म्हणालो. मला ठाऊक होतं की. पत्र आलं होतं, पेढे वाटले होते. देशोदेशीच्या सडका तोंडपाठ असलेला मी, बापाकडे जायची वाट चुकलो होतो.

लातूरची गाडी मिळाली, तर ती मुरूडच्या अलीकडे तापून बंद पडली. त्या साली पावसानं पुन्हा ओढ दिली होती. कंडक्टर रेडिएटरसाठी डबा घेऊन घरोघर फिरला, पण घोटभर पाणीही कुणी देईना. मी स्वतः गेलो. एका म्हातारीला म्हटलं, माझे वडील दवाखान्यात आहेत. ती म्हणाली, "लेकरा, माझ्या घरात चार तोंडं हाईत. गाडीला काय पाजू?" तिला काय बोलणार? इंजिन थंड व्हायची वाट बघत आम्ही सगळे बाभळीखाली बसलो. मला त्या बसवर, काकांवर, जिल्ह्याचे तुकडे पाडणाऱ्यांवर, सगळ्यांवर राग येत होता. मग टँकर आला आणि त्याच्या ड्रायव्हरनं, माझ्याकडे बघून की काय, डबाभर पाणी दिलं.

लातूरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दवाखान्याची इमारत तीच जुनी, पाटीवर 'जिल्हा' एवढाच शब्द ताज्या रंगाचा. आई वॉर्डाच्या बाहेर फरशीवर बसली होती. मला बघून ती रडली नाही, नुसती सरकून जागा केली.

"दुपारपतूर बोलत होते," ती म्हणाली. "सकाळपासून इचारत होते, कुठवर आला असंल? मी म्हणलं, तुळजापूर सोडलं असंल. मग म्हणले, तर मग आपल्या खडीवर आला असंल आता. मी म्हणलं, हाव. मग म्हणले, औसा आला असंल. मी म्हणलं, हाव, आलाच बघा. अन् मग पुन्ना झटका आला. तवापासून गप हायेत."

त्यांनी फोडलेल्या खडीच्या सडकेवरून ते मला घरी आणत होते, आणि मी त्या सडकेवर नव्हतोच.

आत गेलो. अण्णांनी मला ओळखलं. डोळे भरले, ओठ हलले, घशातून नुसता घोगरा आवाज आला. मी कान तोंडाजवळ नेला. त्यांनी खूप प्रयत्न केला, मग दमून डोळे मिटले. मी म्हटलं, असू द्या, बरे झाल्यावर सांगा. ते त्यानंतर काही वर्षं जगले, काठी धरून ओट्यावर येऊन बसायला लागले, पण वाचा परत आली नाही. आईला मी विचारलं, की काय सांगणार होते गं? ती म्हणाली, "मला काय म्हाईत? तुझ्यासाठी ठिवलं होतं ते. मला कसं सांगतील?"

सुट्टी संपली आणि मी मालकाला होकार कळवला. नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. एका करारामागून दुसरा, असं करत केस पिकले आणि कंबर गेली. अण्णा गेले तेव्हा मी जिद्द्याच्या वाटेवर होतो. सांगावा पोचायलाही वेळ लागला.

आता लातूरला घर आहे. त्या दुसऱ्या जिल्ह्याचं तर नावच बदललं. चाचा असते तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

गेल्या साली मुलगा समोर येऊन बसला. कॅनडात मोठ्या ट्रकवर काम, सगळं जुळलेलं, बॅगसुद्धा आणलेली. "बाबा, जाऊ का?" असं त्यानं विचारलं. माझ्या तोंडावर आलंच होतं, की जा, आल्यावर सांगतो. फार सोपं वाक्य आहे ते. सांगायचं पुढं ढकलता येतं, आणि पोराचा पायही अडत नाही.

मी बायकोला टीव्ही बंद करायला सांगितलं. म्हटलं, "बस इथं. जाऊ नको. तिथं पैसा आहे, पण तू घरी आलास तरी पाहुणाच राहशील. आणि मला तू इथं हवास." एवढं बोलताना मला घाम फुटला. तो म्हणाला, "बाबा, मला जायचंय."

तो गेला. पण ऐकून गेला.