श्रीकांतचे बिनपँटचे सहा महिने

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कार्ल्सरूहेला आम्ही पीएचडी करत होतो तेव्हा चार मराठी माणसं हॉस्टेलच्या किचनमध्ये कुकरच्या शिट्टीची वाट बघत उभी राहिली, की शिट्टीच्या आधी एखादा किस्सा तयार! त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. श्रीकांतच्या किल्टचे मात्र विसरणं शक्य नाही, कारण त्यांचा शेवट होईपर्यंत आमचा सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता.

श्रीकांत कुलकर्णी म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला. सांगलीचा, मेकॅनिकलवाला. जानेवारीत बर्फावरून सायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. डॉक्टरांनी हाडातून आरपार सळया घातल्या आणि बाहेरून स्टीलची चौकट बसवली. "सहा महिने राहील," म्हणाले. त्या चौकटीवरून जगातली कुठलीही पँट चढेना.

आणि वेळ तरी कुठली निवडावी! त्याचं मृणालशी जमलं होतं. मृणाल लुडविग्सहाफेनची, तिथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. तिचे वडील, नाना, तीस वर्षं तिथे केमिस्ट. रविवारी घरातसुद्धा टाय लावून जेवायला बसणारा माणूस! आधी एक मुलगा मुलगी बघायला स्पोर्ट्स शूज घालून आला, तर त्याला त्यांनी नुसत्या चहावर वाटेला लावलं होतं. मृणालनं श्रीकांतला स्पष्ट सांगितलं होतं, पापा नाही म्हणाले तर नाही. फेब्रुवारीत ठरलेली भेट पाय बरा होईपर्यंत पुढे ढकलली गेली, आणि श्रीकांत कमरेला टॉवेल गुंडाळून बसून राहिला.

त्याला वाचवलं कॅलमनं. कॅलम आमच्या लॅबमधला स्कॉटिश पोस्टडॉक. एक दिवस तो काळ्या जाड सुती कापडाचा, दोन्ही बाजूंना मोठे खिसे असलेला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा स्कर्ट, घेऊन आला.

"हा रोजचा. लग्नातला चौकड्यांचा नाही. वर साधा टी-शर्ट, पायात जाड मोजे आणि बूट. बाकी काही नको!"

*

दुसऱ्या दिवशी श्रीकांत कुबड्या घेऊन मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवायला आला. मागून एकदम सपाट, पुढे पोटापासून गुडघ्यापर्यंत निऱ्याच निऱ्या! मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आईच्या साडीच्या निऱ्या पुढे, आजोबांच्या धोतराच्या निऱ्या पुढे. निऱ्या मागे घेणारा माणूस आम्ही पाहिलाच नव्हता.

कॅलमनं ट्रे खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तू येतोयस की जातोयस?"

*

मग कॅलमनं शिकवणीच घेतली. सपाट भाग पुढे, निऱ्या मागे. कमर बेंबीच्या उंचीवर. काठ गुडघ्याच्या मधोमध. खाली गेला तर माणूस बुटका दिसतो, वर गेला तर थंडी वाजते. पिन लावायची ती फक्त वरच्या पदराला, दोन्ही पदरांतून नाही.

हे सगळं श्रीकांतनं पाठ केलं, पण बूट काही जमेना. पाय सुजलेला. शेवटी त्यानं बॅगेतून कोल्हापुरी चपला काढल्या. काळा किल्ट, राखाडी टी-शर्ट आणि करकर वाजणाऱ्या कोल्हापुरी! कॅलम बराच वेळ त्या चपलांकडे बघत राहिला. आम्हाला वाटलं, आता किल्ट परत मागतो.

"नऊ नंबर मिळेल का रे?" त्यानं विचारलं.

*

बसण्याची शिकवणी मात्र कॅलमनं घेतली नव्हती. ती ट्राममध्ये झाली. श्रीकांत चौकटीचा पाय लांब करून ऐसपैस बसला होता. समोर एक ऐंशीच्या आसपासच्या आजी. दोन स्टॉप त्यांनी कळ काढली. तिसऱ्या स्टॉपला उठल्या, काठी श्रीकांतच्या डाव्या गुडघ्यावर हलकेच टेकवली आणि तो गुडघा ढकलून दुसऱ्याला चिकटवला. मग स्वतःचा स्कर्ट मागून हातानं सारखा करत त्याला दाखवलं, बसायचं ते असं.

उतरता उतरता म्हणाल्या, "तरुण माणसा, आम्ही हे पाचव्या वर्षी शिकतो!"

*

पहिल्या धुण्यात निऱ्या गेल्या. वॉशिंग मशीनमधून जे निघालं ते किल्ट नव्हतं, पोतं होतं. आम्ही तिघं इंजिनिअर इस्त्री घेऊन दुपारभर झटलो. एक निरी दाबली की शेजारची सुटायची. कुणीतरी पट्टी आणून मापं घेतली, कुणी कागदावर आकृती काढली. उपयोग शून्य.

अखेर फोनकार्ड खरवडून श्रीकांतनं सांगलीला आईला फोन लावला. स्पीकर चालू. किल्ट वगैरे सांगण्याची त्याची छाती झाली नाही.

"आई, निऱ्यांच्या स्कर्टला इस्त्री कशी करायची गं?"

मग आईनं नीट सांगितलं. आधी प्रत्येक निरीला कच्चा दोरा घाल, मग ओलं फडकं ठेवून दाब, गार झाल्यावर दोरा ओढून काढ. सगळं सांगून झाल्यावर आवाज बदलला.

"श्रीकांत, खरं सांग. कुणाचा आहे तो स्कर्ट?"

"आई... माझाच आहे."

"तुझाच ना? नक्की?" आईनं सुटकेचा मोठा श्वास सोडला. "मग घाल बाबा. मला वाटलं कुणा मुलीचा!"

*

एप्रिलमध्ये व्हिसा संपत होता. परदेशी लोकांच्या ऑफिसात जाताना तर मीही आतून टरकलो होतो, कारण तिथे एक कागद कमी पडला तरी माणूस महिनाभर मागे जातो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, श्रीकांतला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"भारतीय?"

"या," श्रीकांत जर्मनमध्ये हो म्हणाला.

"हा तुमचा राष्ट्रीय पोशाख आहे?"

श्रीकांत प्रामाणिक. "नाही. स्कॉटलंडचा आहे. पण शिवलाय इथेच, जर्मनीत."

बाई विचारात पडल्या. ह्या माहितीसाठी फॉर्ममध्ये रकाना नसावा. त्यांनी श्रीकांतनं आणलेला फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"फोटोत गुडघे नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे चालेल!" आणि धाडकन शिक्का मारला. बाहेर पडल्यावर आम्ही दोघं जिन्यातच बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

*

जुलैत चौकट निघाली. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं आणि श्रीकांत कुबड्यांशिवाय दारापर्यंत जाऊन परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. नडगीवर सळयांचे सहा काळपट व्रण राहिले, पण ते पँटीखाली झाकले जाणार होते. त्याच रविवारी नानांकडे जेवायला बोलावणं आलं. आता काय, मैदान मारलंच!

त्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं होतं की डांबर बुटाला चिकटायचं. नवा थ्री-पीस सूट घामानं चुरगळू नये म्हणून श्रीकांत किल्टवरच निघाला. सूट बॅगेत. लुडविग्सहाफेन स्टेशनवर टॉयलेटमध्ये जाऊन बदलायचं, असा चोख प्लॅन. सोबतीला मी.

तो आत गेला. दहा मिनिटांनी दारातून नुसतं डोकं बाहेर आलं.

"पँट तू घेतलीस?"

"मी कशाला घेईन?"

"मग कुणीच नाही घेतली."

कोट होता. वेस्टकोट होता. शर्ट, टाय, मोजे, पॉलिश केलेले बूट, सगळं होतं. सहा महिने ज्या माणसानं पँट घातलीच नव्हती, त्याला ती भरायचं सुचलंच नाही! रविवार, म्हणजे अख्ख्या जर्मनीत दुकानं बंद. माझी पँट घालून पाहिली, ती त्याच्या मांडीवरच अडकली. जेवण बरोबर एक वाजता. नानांकडे एक म्हणजे एक.

श्रीकांतनं कॅलमला मोबाइल लावला. मी कधी कुणाला इतकं एकाग्र होऊन ऐकताना पाहिलेलं नाही.

"कोट घालू नकोस!" कॅलम ओरडत होता. "लांब आहे तो. खाली काही घातलंच नाहीस असं दिसेल. वेस्टकोट आणि टाय. वेस्टकोट असेल तर पट्टा काढ. मोजे गुडघ्याच्या खाली चार बोटं, काठ दुमडून. खिसे रिकामे कर. आणि मान वर ठेव!"

खरं सांगतो, पोरगा देखणा दिसत होता. पण मोज्याच्या दुमडीच्या वर दोन व्रण उघडेच होते, आणि रस्ताभर तो एकच वाक्य बोलत होता. "स्पोर्ट्स शूजवर नकार मिळतो रे!"

दार नानांनीच उघडलं. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत टाय, जाड लोकरी पँट. कपाळावरून घाम ओघळत होता. त्यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं.

"या, मिस्टर कुलकर्णी."

बैठकीत मृणालची आई, म्हणजे काकू, मृणालकडे बघत होत्या आणि मृणाल जमिनीकडे.

"हे काय घातलंय?" नानांनी विचारलं.

श्रीकांतनं काहीच लपवलं नाही. अपघात सांगितला, चौकट सांगितली. "आणि पँट कार्ल्सरूहेला राहिली. सवयच गेली होती, नाना. चूक झाली."

नाना खाली वाकून व्रण बघत होते. "दुखतं अजून?"

"आता नाही."

"हं." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "आणि ह्यात उकडत नाही?"

"नाही. वारा लागतो चांगला."

नाना उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून कपाट उघडल्याचा, मग ट्रंक ओढल्याचा आवाज आला. मृणालच्या डोळ्यांत पाणी होतं. "फॉरबाय," ती पुटपुटली. संपलं. काकूंनी टेबलावरचं श्रीखंड उचलून परत फ्रीजमध्ये ठेवलं. श्रीकांत गुडघे जुळवून बसून होता. मी परतीच्या गाडीची वेळ आठवत होतो.

दार उघडलं.

वर तोच शर्ट, तोच टाय, गाठ गळ्यापर्यंत. खाली गुडघ्यापर्यंत नेसलेला पांढराशुभ्र पंचा, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. मृणालनं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या बापाचे गुडघे पाहिले.

नाना टेबलाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसले. टाय सारखा केला.

"अगं, ते श्रीखंड काढ बाहेर," ते काकूंना म्हणाले. मग वळून बघितलं. "आणि श्रीकांतराव, तुम्ही अजून तिकडेच? या, पान वाढलंय!"