अंगात चरबीच नसलेली माझी वैशू

"तुमच्या मुलीच्या अंगात चरबी नाही," औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटलं, बरंच आहे की. चरबी वाईट, असंच आम्ही ऐकत आलो होतो. डॉक्टरांनी वैशूला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला व तिच्या वडिलांना खुर्च्या दिल्या. एरवी तिथं कुणाला खुर्ची मिळत नाही. तेव्हा मला भीती वाटली.

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. लिपोडिस्ट्रॉफी. जन्मापासूनचा, फार क्वचित दिसणारा. त्यांनी सोपं करून सांगितलं ते असं : चरबी म्हणजे नुसतं वजन नसतं. जादा खाल्लेलं ती साठवून ठेवते, शिवाय लेप्टिन नावाचं एक हार्मोन रक्तात सोडते. ते हार्मोन मेंदूला कळवतं की पोट भरलं, आता बस. वैशूच्या अंगात साठवायला जागाच नव्हती, त्यामुळं खाल्लेलं लिव्हरमध्ये आणि रक्तात जाऊन बसत होतं. आणि मेंदूला कळवणारंही काही नव्हतं.

"म्हणजे हिला भूक लागते ती..." मी विचारलं.

"खरी असते. मेंदूला वाटतं, ही उपाशी आहे. सारखंच वाटतं."



तेव्हा वैशू पंधरा वर्षांची होती. आम्ही घनसावंगीचे. तिचे वडील शाळेत कारकून, मी अंगणवाडी सेविका. गावातल्या लेकरांची वजनं करायची, कोण अशक्त आहे ते वहीत मांडायचं, हे माझं काम. माझ्या लेकीत काही बिघाड आहे हे मला पंधरा वर्षं दिसलं नाही. ती अशक्त दिसतच नव्हती. हातापायाचे स्नायू उठून दिसायचे, दंडावर शिरा दोरीसारख्या. पोट मोठं, गाल बसलेले. शाळेत पोरी तिला पहिलवान म्हणायच्या. मान काळी पडली होती. मळ असेल म्हणून मी ती दर रविवारी वज्रीनं घासायची. ती रडायची, पण मान पुढं करून बसायची.

आणि खाणं. चार भाकरी खाऊन उठली की तासाभरात चुलीपाशी यायची.

"आई, भूक लागून राह्यली."

"आत्ताच जेवलीस ना वैशे?"

"तरी लागली."

सासूबाई म्हणायच्या, पोरीच्या जातीला इतकी हाव बरी न्हाई, पुढं कोण करून घेईल? मग मी भाकरीची दुरडी उंच फळीवर ठेवायला लागले. ती नऊ वर्षांची असताना एकदा अंगणवाडीतली सुकडी मूठ भरून खाताना सापडली. लेकरांच्या वाट्याचं खाणं, आणि सेविकेची पोरगी चोरून खाते. मी तिला सगळ्या लेकरांसमोर मारलं. चोरटी म्हणाले. ती तोंडातला घास गिळेपर्यंत रडली नाही.

आजार कळायला कारण झाली तहान. दहावीच्या वर्षी ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागली. टाचेची जखम महिना झाला तरी भरेना. कोपरांवर पिवळट पुटकुळ्या उठल्या. जीपनं जालन्याला नेलं. डॉक्टरांनी उपाशीपोटी रक्त काढायला सांगितलं. थोड्या वेळानं लॅबवाले नळी हातात घेऊन बाहेर आले.

"काय खाऊन आली ही? तूप? मलई?"

"काल रातच्यापासून पाण्याशिवाय काही न्हाई, साहेब," तिचे वडील म्हणाले.

त्यांनी नळी उजेडात धरली. खाली लाल, वर दुधासारखं पांढरं. रक्तातल्या चरबीला ट्रायग्लिसराईड म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. साखरही भलतीच वाढलेली. तिथून आम्हाला औरंगाबादला पाठवलं. मानेवरचा काळेपणा मळ नव्हता, आजाराचाच होता, हे तिथं कळलं.

तिथल्या डॉक्टरांनी अजून एक विचारलं. तुमचं लग्नाआधीचं नातं आहे का? आहे, म्हटलं. मी ह्यांच्या मामाची मुलगी. आमच्याकडं ते चांगलं स्थळ समजतात. डॉक्टर म्हणाले, दोघांकडून एकेक दोष आला असेल, यात कुणाची चूक नाही. परतीच्या एसटीत वैशूला मधे बसवून आम्ही दोघं दोन कडांना बसलो.

घरी आल्यावर मी वैशूला सगळं सांगितलं.

"मंग मी हावरट न्हव्हते?"

"न्हाई गं."

"आजीला सांग."

मी सांगितलं. सासूबाई उठून अंगणात गेल्या.

औषध म्हणाल, तर लेप्टिनचा शोध नुकताच लागला होता, ते औषध म्हणून मिळत नव्हतं. इन्सुलिन चालू केलं, रोज दोनदा. आमच्याकडं फ्रीज नव्हता, बाटली ओल्या वाळूत, माठात ठेवायचो. दुसरा उपाय, खाणं मोजून. तेल नाही, गोड नाही, वरणाला फोडणी नाही, एका वेळी एकच भाकरी. म्हणजे भूक खरी आहे हे कळलं, आणि तरी तिला खाऊ द्यायचं नव्हतं. आधी रागानं करायचे तेच आता प्रेमानं करायचं होतं. पोटाला दोन्ही सारखंच लागत असणार. ती जेवून ताट पुसून ठेवायची आणि वाचत बसायची. मागायची नाही. मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.

तीन वर्षं अशी गेली. एकदा पोटात भयंकर दुखून पॅन्क्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाला सूज. त्यातून निघाली. बारावी झाली. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा औरंगाबादला पोचेपर्यंत ती जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. वॉर्डात तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं. पाणीसुद्धा नाही. नुसतं सलाईन. मला वाटलं, ही कशी सहन करील?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले.

"आई, आज भूकच न्हाई लागली."

मी वेडी, मला आनंद झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं. सिस्टरना उठून सांगितलं. त्यांनी तिची नाडी बघितली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. तिसऱ्या दिवशी वैशू गेली.

हे तुम्हाला सांगते ते उपाय माहीत आहे म्हणून नाही. तो माझ्याजवळ नाही. पण एखादं लेकरू सारखं भूक भूक करतं, अंगावर मांस नाही, शिरा दिसतात, मान काळी आहे, तर त्याला घासू नका, मारू नका, रक्त तपासून घ्या. त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी आम्हाला कधी घाईनं उठवलं नाही. ती गेल्यावर तिचे कागद घ्यायला गेलो तेव्हाही चहा मागवला.

मी त्यांना विचारलं, "साहेब, लहानपणीच आणली असती तर वाचली असती का?"

ते खरं बोलणारे होते. "आजार तोच राहिला असता," म्हणाले. "थोडे दिवस वाढले असते, एवढंच."

तिचे वडील म्हणाले, चला, एसटी निघंल. मी कागद पिशवीत ठेवले. थोडे दिवस, एवढंच, असं डॉक्टर म्हणाले. मला वाढलेले नकोच होते. आधी कळलं असतं, तर होते तेच पंधरा वर्षांचे दिवस मी तिला न रागावता काढले असते.