चमचाभर प्रभुभोजन

ह्यांना लकवा मारला त्याला तेव्हा सात आठवडे झाले होते आणि गळ्याखाली पाण्याचा थेंब उतरत नव्हता. त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली होती, हे आधीच कबूल करते. मी मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, रविवारची शाळा चालवली, दुसऱ्यांच्या आजारपणात त्यांच्या खाटेशी गुडघे टेकून लांबलचक प्रार्थना केल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र डोळे मिटले की एकच विचार यायचा, वर कुणी ऐकतंय का? नाकातल्या नळीतून दिवसातून सहा वेळा पेज आणि दूध सोडायचं, नळी धुवायची, ह्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, की पुन्हा तेच. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत माझं जग तेवढंच उरलं होतं.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की पातळ काही तोंडानं द्यायचं नाही, ते फुप्फुसात जाईल. लापशीसारखं घट्ट काहीतरी चमच्याच्या टोकावर घेऊन रोज प्रयत्न करायचा. महिनाभरात गिळता आलं नाही तर पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवायची. मी रोज प्रयत्न करत होते. हे दात आवळून घ्यायचे. गेलंच काही तोंडात, तर ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर यायचं. दोनदा त्यांनी चांगल्या हातानं नाकातली नळी ओढून काढली. बोलता येत नव्हतं, पण बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचे डोळे वाचायला बोलणं लागत नाही. त्यांना हे सगळं नकोसं झालं होतं. डॉक्टरांच्या महिन्याचे पाच दिवस उरले होते.

एक गोष्ट मात्र त्यांना हवी होती. उशाशी उपासनेच्या गीतांचं पुस्तक असायचं. त्यावर हात ठेवायचे आणि मग बोट ओठांना लावायचे, असं त्यांनी तीन दिवस केलं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांना प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं देतात ती भाकर आणि द्राक्षारस, हवं होतं, आणि मी कळलं नाही असं दाखवत होते. का, ते सांगायचं तर आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या लोकांतलं, भांडण सांगावं लागेल, आणि त्यात माझी शोभा होणार आहे.

आमची लूथरन मंडळी लहान, साठ-सत्तर घरांची. महामारीच्या आधी प्रभुभोजनाला एक चांदीचा प्याला असायचा. वेदीसमोर ओळीनं गुडघे टेकायचे, पाळकसाहेब, आमचे पास्टर, प्रत्येकाच्या ओठांना प्याला लावायचे, कड पुसून पुढच्याला द्यायचे. साथीच्या धास्तीनं काचेचे इवलेसे पेले आले, ज्याचा त्याला वेगळा. पुढं साथ गेली तरी पेले जाईनात. काही म्हणाले प्याला परत आणा, काही म्हणाले आता पेलेच बरे. भांडण इतकं विकोपाला गेलं की एका छपराखाली दोन उपासना सुरू झाल्या. साडेआठला पेलेवाले, साडेदहाला प्यालेवाले. पेटी वाजवणारा तेवढा दोन्हीकडचा, बिचारा दोन वेळा तीच गीतं वाजवायचा. व्याह्यांनी व्याह्यांना बारशाला बोलावणं सोडलं.

प्यालेवाल्यांची पुढारी मी. मला भांडता येतं, हे वर्गातल्या पोरांना विचारा. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं खरं शरीर आणि खरं रक्त आहे असं आम्ही मानतो. मग त्यात जंतू शोधणं हा अपमानच, असं माझं म्हणणं होतं. पलीकडच्या बाजूला होती शालिनी. आम्ही लहानपणी दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वासाच्या शिकवणीच्या, वर्गात एका बाकावर बसलो, पहिलं प्रभुभोजन शेजारी-शेजारी गुडघे टेकून घेतलं. पुढं ती नर्स झाली, खुलताबादला बरीच वर्षं नोकरी केली. साथीच्या दुसऱ्या लाटेत तिचे मिस्टर गेले. त्याआधी मधे काही दिवस चर्चचं मंदिर उघडलं होतं आणि प्याला फिरला होता. त्या रविवारनंतर पंधरा दिवसांत ते गेले. लागण कुठून झाली ते कुणालाच सांगता आलं नाही.

मंडळीच्या सभेत ती एवढंच म्हणाली होती, "मला त्या प्याल्याकडं बघवत नाय." मी उभी राहिले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "प्याल्यानं कुणी मरत नसतं, शालिनी. विश्वास कमी पडला की मरतं." तिनं पर्स उचलली आणि ती निघून गेली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. त्याच सभेत कुणीतरी सुचवलं की निदान अंथरुणाला खिळलेल्यांना तरी भाकर भिजवून चमच्यानं द्यावी. त्यावर मी विचारलं होतं, "प्रभुभोजन आहे की खोकल्याचं औषध?" लोक हसले, आणि मला माझ्या हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं होतं.

आता माझ्याच घरात चमच्याची गरज होती. कुठल्या तोंडानं पाळकसाहेबांना फोन करू? चौथ्या दिवशी ह्यांनी पुस्तकावर हात ठेवला, बोट ओठांना लावलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी फोन केला. पाळकसाहेब वयानं माझ्या मुलासारखे. म्हणाले, "येतो, बाई. पण ठसका लागला तर मला काही कळायचं नाय. सोबत कुणाला तरी आणतो." मी कोण ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी यायचा वार होता. सकाळी मी हंडे-बादल्या भरत होते तेव्हा बेल वाजली. दारात पाळकसाहेब, आणि त्यांच्या मागं शालिनी. "सलाम," ती म्हणाली. माझ्याही तोंडून आम्हा ख्रिस्ती लोकांच्या सवयीनं "सलाम" गेलं. तिनं मला पुढं बोलायची वेळच येऊ दिली नाही. "साबण कुठंय?" असं विचारून कोपरापर्यंत हात धुतले, ह्यांच्या पाठीशी उशा लावून त्यांना ताठ बसवलं आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "भाऊजी, मी शालू. आज घाई नाय करायची. आपल्याला लई वेळ हाय."

पाळकसाहेबांनी तोच चांदीचा प्याला आणला होता. माझा हट्ट त्यांना ठाऊक होता. आधी पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, झाला. कुणाविषयी मनात वैर आहे का, असं ते विचारतात आणि आपण उत्तर द्यायचं असतं. मी ह्यांची चादर नीट करत बसले. त्यांनी पुढचं वाचलं. भाकर आणि द्राक्षारस यांवर आशीर्वाद झाल्यावर शालिनीनं माझ्या स्वयंपाकघरातली लहान वाटी मागितली. "साहेब, भाकर कुस्करून रसात घट्ट भिजवू का? चालंल ना?" पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला माझी खरी लाज वाटली. आजारी माणसाला प्रभूचं शरीर कसं द्यावं यासाठी पाळकानं माझी परवानगी मागावी, इतका माझा धाक वाढला होता. मी मान हलवली.

शालिनीनं ह्यांची हनुवटी छातीकडे वळवली. पहिला घास पाळकसाहेबांनी चमच्यानं तोंडात ठेवला, तो लाळेसकट ओठांतून परत आला. तिनं तो चमच्यावरच झेलून वाटीत घेतला, खाली पडू दिला नाही. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्या वेळी ह्यांनी ओठ मिटले. तिनं दोन बोटं त्यांच्या गळ्यावर हलकेच ठेवली आणि म्हणाली, "भाऊजी, आता घोट." आम्ही तिघं वाट पाहत राहिलो. मोरीत बादली भरून वाहत होती आणि कुणीही उठलं नाही. मग माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा कंठ वर गेला आणि खाली आला. ठसका नाही, खोकला नाही. शालिनीनं तोंड उघडायला लावलं, आत काही उरलं नव्हतं. ह्यांनी तोंड मिटलंच नाही. त्यांना आणखी हवं होतं.

सात आठवड्यांत त्या गळ्यातून जे पहिलं खाली गेलं ते हे होतं. पुढं डॉक्टर म्हणाले की नसा आपल्या वेळेनं जाग्या होतात, तसं झालं असेल. मी वाद घातला नाही. वेळ कुणी ठरवली ते मला विचारायचं नव्हतं. मला फक्त त्या खोलीत कुणीतरी आलं आहे असं वाटलं, आणि ज्याच्याविषयी आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो त्याच्यासमोर आपल्याला नीट उभंही राहता येत नाही, हे कळून मी भ्याले.

पण खरा प्रसंग पुढं होता. आमच्याकडे आशीर्वादित केलेलं काही टाकायचं नसतं, तिथंच संपवायचं असतं. पाळकसाहेबांनी आणि मी प्याल्यातून घेतलं. वाटीत मात्र दोन-तीन चमचे उरलं होतं, ह्यांच्या तोंडातून दोनदा परत आलेलं. लाळेची तार वाटीच्या कडेला दिसत होती. ते संपवायचा मान माझा होता. नवरा माझा, घर माझं, आणि एका प्याल्यासाठी मंडळी दुभंगवणारी मी. मी वाटी हातात घेतली. खोटं कशाला बोलू? मला किळस आली. वाटी तोंडाशी नेववेना.

शालिनीनं माझ्या हातातून वाटी काढून घेतली. मोठं काही करतेय असा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता. तिनं ते सगळं पिऊन टाकलं, थोडा द्राक्षारस ओतून वाटी विसळली आणि तेही प्यायली. मग पदरानं ओठ टिपले.

पाळकसाहेब ह्यांच्यापाशी बसले. ती मोरीत वाटी धुवायला गेली, तिच्या मागं मी गेले. "शालिनी, त्या सभेत मी जे बोलले..." तिनं नळ बंद केला. "तू नंतर बोललीस," ती म्हणाली. "त्या रविवारी आमच्या ह्यांना जायचं नव्हतं. भीत होते. मीच म्हणलं, प्रभूचं रक्त हाय, त्यानं काय होतंय? विश्वास ठेवा की जरा. तू सभेत म्हणालीस ना, ते मी त्यांना आधीच म्हणून बसले होते." मी तिला जवळ घेतलं. तिचे हात ओले होते. आम्ही दोघी त्या भरलेल्या बादल्यांच्या मधे उभ्या राहून किती वेळ रडलो कुणास ठाऊक.

पोटाला नळी बसवावी लागली नाही. हे आता मऊ भात आणि घट्ट वरण खातात, पाणी अजून जपूनच द्यावं लागतं. मंडळीत दोन उपासना अजून आहेत, आणि मी पेलेवाल्यांत बसते म्हणून माझ्या बाजूच्या काहींनी मला सलाम करणं सोडलंय. ते मी पेरलेलं आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? प्रभूच्या मेजाची राखण माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं. मला ते मेज कधी राखायला दिलंच नव्हतं, हात पसरून बसायला सांगितलं होतं. एवढं शिकायला मला पासष्ट वर्षं लागली, आणि तोवर देवानं माझी वाट पाहिली याचे उपकार कसे मानावेत ते मला अजून उमगत नाही.

दर महिन्याला पाळकसाहेब येतात, शालिनी येते आणि ह्यांना चमच्यानं प्रभुभोजन देतात. वाटीत उरलेलं आता मी पिते. पहिल्यांदा डोळे मिटून प्यायले होते. आता मिटावे लागत नाहीत.