आवरून ठेवलेलं पोट

कुणी आपल्या घरी काम करायला येणार असेल, तर ते काम त्याच्या आधी आपणच उरकून ठेवावं, हा नियम माझ्या भाऊजींइतक्या निष्ठेने पाळणारा माणूस रायपुरात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. भांडीवाली येण्याआधी ते भांडी विसळून ठेवतात, न्हाव्याकडे जाण्याआधी कानांवरचे केस घरीच कापतात. एकदा नळ दुरुस्त करणारा यायचा होता, तर त्यांनी गळका नळ लिंबाने घासून असा चकचकीत केला की तो बिचारा म्हणाला, "भैया, ये तो नया लगवा लिए हो!" नळ गळतच राहिला. वर भाऊजींचं म्हणणं, "अरे, मळका नळ दाखवाले लाज नाही वाटत का?"

नवीन राज्य झालं, राजधानी रायपूरला आली आणि तिच्या मागोमाग माझी बदली भोपाळहून इकडे झाली. घर मिळेपर्यंत मी तेलीबांध्याला ताईकडे राहिलो. भाऊजी कॉलेजात जीवरसायन शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जग चालतं ते एन्झाइमवर. सरकार वगैरे नंतर. लग्नाच्या पंगतीत ते लाळेतलं एन्झाइम कळावं म्हणून शेजारच्याला कोरा भात गोड लागेपर्यंत चावायला लावत, आणि वाढपी जिलेबी घेऊन पुढे निघून जाई. पंडरीच्या कापडबाजारात कुणाच्या शर्टावर डाग दिसला की साबणातल्या एन्झाइमवर भाषण ठरलेलं. ऑफिसातून दमून आलो की मी चप्पल काढायच्या आत ते विचारत, "साळेबुवा, पोट काय म्हणून राहिलं?" खरं तर बोलायचं त्यांचंच पोट. जेवण झालं की छातीत आग पडायची, आणि खिशातल्या पितळी डबीतून चिमूटभर खायचा सोडा तोंडात जायचा. त्यांचे थोरले भाऊ पोटाच्या कॅन्सरने गेले होते. त्याबद्दल भाऊजी कधी बोलत नसत. सोडा मात्र तेव्हापासूनचा, असं ताई सांगायची.

शेवटी तिच्या रडारडीने ते दुर्बिणीच्या तपासणीला तयार झाले, आणि सोबत मी. बाहेर बाकावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं. पोटातल्या आम्लात एरवी जंतू टिकत नाही, पण एक जंतू यूरिएज नावाचं एन्झाइम काढतो. ते युरिया फोडून अमोनिया बनवतं, अमोनिया आम्ल मारतो, आणि हा पठ्ठ्या आपल्यापुरती कोरडी खोली करून वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. पोटाला सूज येते, ती जुनी होते, आणि काहींच्या बाबतीत पुढे कॅन्सरपर्यंत जाते. "पोटाचा तुकडा पिवळ्या औषधात टाकतेत," ते म्हणाले. "एन्झाइम असलं तर गुलाबी होते. पिवळंच राहिलं तर सुटलो."

पिवळंच राहिलं. भाऊजींनी वाटेत पेढे घेतले आणि रिक्षावाल्यालाही एक दिला. मीही सुटलो होतो. पुन्हा रजा मागायला नको.

घरी ताईने पेढा हातात घेतला आणि सहज म्हणाली, "मले वाटलंच होतं. सकाळी अॅसिडिटीची गोळी घेऊनच गेले ना. पंधरा दिवस एक चुकवली नाही."

डॉक्टरांनी नेमकी तीच गोळी आधीपासून बंद ठेवायला सांगितली होती. त्या गोळीने जंतू दबतात, एन्झाइम पुरेसं सापडत नाही आणि रंग बदलत नाही. आतल्या खोलीतून भाऊजींचं फोनवर हसणं ऐकू येत होतं. हातातला पेढा खाऊन गप्प बसावं, असं मला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. दिवसभराचा शीण होता. पण ताई माझ्याकडेच बघत होती. मी आत गेलो.

"भाऊजी, तुम्ही तर शिकवायचे हे. गोळी काहून घेतली?"

त्यांनी फोन ठेवला. बराच वेळ पलंगाची चादर सारखी करत राहिले. "डॉक्टर आत कॅमेरा घालणार," ते म्हणाले. "मनलं, जरा आवरून ठेवावं."

मग पुन्हा तपासणी ठरली आणि गोळी बंद झाली. सोड्याची डबी ताईने काढून घेतली. ते दिवस वाईट गेले. भाऊजी उशी पोटाशी धरून बसत आणि कुणालाच काही शिकवत नसत. पोटाचं कुणी विचारलं तर नुसतं "हव", म्हणजे हो, एवढंच म्हणत.

दुसऱ्या वेळी तुकडा पिवळ्यात पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत कडेने गुलाबी होऊ लागला. भाऊजी वाकले. घसा सुन्न होता, तरी वर्गात बोलावं तसे म्हणाले, "पाह्य, पाह्य! काय काम करून राहिलं ते!" मग सरळ उभे राहिले. "दादाच्या वेळेस हे पाहाले कोणी नव्हतं रे."

कॅन्सरसाठी तपासायला पाठवलेल्या दुसऱ्या तुकड्यात काही निघालं नाही. औषधांचा कोर्स झाला, जंतू गेले. सूज जुनी आहे, अधूनमधून तपासायला येत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते जातात. दर वेळी पंधरा दिवस आधीच ताई घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवते.

मला आता क्वार्टर मिळालं आहे. रविवारी त्यांच्याकडे गेलो की ते तीच पितळी डबी पुढे करतात. आता तिच्यात बडीशेप असते. डबी त्यांनी कितीही घासली तरी बडीशेपेला थोडी सोड्याची चव लागतेच. मी चिमूटभर घेतो, आणि सावकाश चावत बसतो.