गुडघ्याचा फोटो स्वच्छ आला तेव्हा

हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंचा पेशंटच्या बोलण्यावर विश्वास नाही. रजेच्या दाखल्यासाठी लंगडत आलेले लोक फाटकाबाहेर पडताच सरळ चालू लागतात, हे त्यांनी खिडकीतून पाहिलं आहे. बाकीचे कर्मचारी त्यांना माघारी 'सीआयडी' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि फारसं खटकतही नाही.

बाईंच्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून बसवायचं काम धाकट्या जावेकडे. हिवाळ्यात धाकटीचा गुडघा दुखू लागला, तोही नेमका उचलताना. थोरलीच्या, म्हणजे एक्स-रेवाल्या बाईंच्या, मनात पाल चुकचुकली. दवाखान्यात आपल्याच एक्स-रेच्या खोलीत तिने धाकटीला टेबलावर झोपवलं, गुडघ्याचे समोरून आणि बाजूने दोन फोटो काढले. दोन्ही स्वच्छ. सांध्यातली फट सारखी, कडा गुळगुळीत. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात काही नाही, वेदनाशामक घ्या.

घरात हाडांच्या बाबतीत थोरलीचा शब्द शेवटचा. जेवताना तिने सगळ्यांसमोर निकाल सांगितला: काही झालेलं नाही. धाकटीने पुन्हा तक्रार केली नाही, पण मांडी घालून बसणं सोडलं. चप्पल घालताना ती भिंतीला टेकू लागली. थोरलीने हेही टिपलं आणि नाटकाच्या खात्यात टाकलं. गुडघा धडधाकट असताना मांडी घालता का येऊ नये?

पावसाळ्याच्या तोंडावर धाकटी कोणालाही न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला उताणं झोपवलं, गुडघा वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेत मांडी आत वळवली. ती कळवळली. दुखणं खुब्याचं होतं. खुबा बिघडला की कळ कधी कधी गुडघ्यातच येते. दम्यासाठी तिने बरेच महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची चौकशी करून त्यांनी खुब्याचा फोटो लिहून दिला.

तो काढायला ती मुद्दाम थोरलीकडेच आली. "ताई, आता माझ्या चालीकडे नको, फोटोकडे बघा."

पडद्यावर मांडीच्या हाडाचा वरचा गोळा उमटला. तो गोल राहिला नव्हता. त्या गोळ्यांमुळे रक्त न पोचल्याने वरून खचून चपटा झाला होता. फोटो पाहून ते दुसरे डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात कळलं असतं तर हाडाला भोक पाडून, आतला दाब उतरवून गोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता. आता खुबाच बदलावा लागेल. धाकटीने फक्त ऑपरेशनची तारीख विचारली.

घरी सासूबाईंनी उशीवरून दोघींना निरखलं. "कालपर्यंत गुडघा होता. आज वर सरकला का? आणि मशीन तुझंच. दोघींनी मिळून काय ठरवून आलात?"

"सरकला नाही," थोरली म्हणाली. "खुबा बघायचं मला सुचलंच नाही. मला ती ढोंगी वाटत होती."

सासूबाईंना ते पटलं नाही. आता थोरलीला काय हवंय, हे त्या बराच वेळ तिच्या तोंडावर शोधत राहिल्या. त्यांना उचलून बसवायची वेळ झाली होती. थोरलीने बाह्या वर केल्या. धाकटी भिंतीला धरून दारात थांबली आणि थोरली नीट उचलते की नाही ते पाहू लागली.